शके १७९३ चा ध्रुवीय प्रकाश आणि साष्टींतील कागद

शके १७९३, प्रजापति नाम संवत्सर, पौष वद्य पक्ष, रविवार. इंग्रजी तारीख ४ फेब्रुवारी १८७२. या रात्रीं मुंबईच्या आकाशांत उत्तर ध्रुवाकडील प्रकाश दिसला, असें वृत्त मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रानें ता. ६ च्या अंकांत दिलें. वृत्त लहान आहे. सूर्यास्तानंतर प्रकाश दिसूं लागला, तो एडन येथेंहि दिसला, आणि मुंबई-एडन यांमधील समुद्राखालच्या तारेंतून संदेश पाठविण्यास कांहीं तास अडथळा झाला, एवढाच त्याचा आशय. परंतु या चार ओळींच्या वृत्ताला आज सर्व जगाच्या विज्ञानेतिहासांत जें महत्त्व आलें आहे, तें त्या काळच्या कोणत्याहि मोठ्या अग्रलेखास आलेलें नाहीं. कारण ध्रुवीय प्रकाश इतक्या दक्षिणेस, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या इतक्या जवळ दिसल्याचीं विश्वसनीय उदाहरणें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं आहेत, आणि त्यांत मुंबईचें हें उदाहरण सर्वांच्या पुढें आहे.

प्रश्न असा कीं हें वृत्त खरें मानावें काय? आणि खरें असेल तर, मुंबई शहराबाहेर साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या टापूंत, त्या रात्रीं जे शेंकडों लोक अंगणांत, खळ्यावर, मचव्यावर किंवा मिठागरांत उघड्या आकाशाखालीं होते, त्यांनीं काय पाहिलें आणि तें कोठें लिहून ठेविलें?

पहिल्या प्रश्नाचा विचार आधीं करूं. शंका घेण्यास जागा भरपूर आहे. कुलाबा हें १८ अंश ५४ कला उत्तर अक्षांशावर आहे. चुंबकीय अक्षांश धरल्यास तें त्या काळीं केवळ १० अंशांवर होतें. ध्रुवीय प्रकाशाचें नित्याचें वलय चुंबकीय ६५ ते ७० अंशांच्या आसपास असतें. नॉर्वे, आइसलंड, कॅनडाचा उत्तर भाग हें त्याचें माहेर. तेथील माणूस हिरवे पडदे, हलणारे पट्टे, डोक्यावर एकत्र येणारे किरण पाहतो. मुंबईकरास असें कांहीं दिसलें असतें तर तो त्या वृत्तांत इतक्या थोडक्या शब्दांवर थांबताना. शिवाय आमच्याकडे आकाश तांबडें दिसण्यास कारणें पुष्कळ. माघ-फाल्गुनाच्या सुमारास डोंगरांत वणवे पेटतात. ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी भाताच्या रोपांसाठीं राब भाजतो. याच दिवसांत संध्याकाळीं पश्चिमेकडे राशिचक्राच्या रेषेंत एक फिकट शंकु दिसतो, तो राशिप्रकाश. तेव्हां कोणी इंग्रज गृहस्थानें वणवा पाहून त्यास विलायती नांव दिलें असेल, अशी कल्पना सहज सुचते.

ही कल्पना टिकत नाहीं, आणि ती न टिकण्याचें कारण कुलाब्यासच आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं कुलाब्यास वेधशाळा स्थापन केली आणि १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यास आरंभ झाला. या वेधशाळेशीं आपल्या वाचकांचा परिचय निराळ्या वाटेनें आहे : 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे तिचें काम होतें, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं तेथें नोकरी केली. पुढें चार्ल्स चेंबर्स हे १८६५ पासून तिचे मुख्य झाले. ४ फेब्रुवारी १८७२ ची रात्र त्यांच्याच कारकीर्दींतील. त्यांच्यानंतर आलेले नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, हे त्या जागेवरील पहिले हिंदी गृहस्थ, यांनीं १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या साऱ्या चुंबकीय वेधांचा प्रचंड ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. आमच्या मतें मुंबईच्या इतिहासाचें हें एक प्रथम दर्जाचें दप्तर आहे. तें आंकड्यांचें असल्यामुळें इतिहासकार त्याच्या वाटेस जात नाहींत, इतकेंच. त्यांतील तुफानांच्या मालिकेंत १८७२ च्या फेब्रुवारीचें तुफान आहे. पृथ्वीच्या क्षितिजसमांतर चुंबकबलांत त्या वेळीं सुमारें १०२० नॅनोटेस्ला इतका चढउतार झाला. मुंबईस या बलाचें नित्याचें मान ३७ हजारांच्या आसपास असे. म्हणजे जवळ जवळ तीन टक्क्यांचा हेलकावा. वणव्यानें किंवा राबानें लोहचुंबक असा डोलत नाहीं.

बातमीदाराला लोहचुंबकाचा आंकडा ठाऊक नव्हता. वेध घेणाऱ्याच्या आंकड्याला बातमीशीं कर्तव्य नव्हतें. दोन परस्परांस अनोळखी साक्षीदार एकाच रात्रीविषयीं एकच गोष्ट सांगतात. इतिहाससंशोधनांत याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

सिडनी चॅपमन या शास्त्रज्ञानें १९५७ सालीं मुंबईच्या या दर्शनाकडे प्रथम लक्ष वेधलें. सॅम सिल्व्हरमन यानें २००८ सालीं जगभरचीं वर्णनें जुळवून या रात्रीवर स्वतंत्र निबंध लिहिला. या दोघांच्या नांवानेंच हें तुफान आज ओळखलें जातें. २०२३ सालीं जपानांतील नागोया विद्यापीठाचे हिसाशी हायाकावा आणि त्यांचे सहकारी यांनीं कुलाब्यासह निरनिराळ्या ठिकाणचे चुंबकीय वेध, सूर्यावरील डागांचीं चित्रें आणि प्रत्यक्षदर्शी वर्णनें एकत्र करून जो निष्कर्ष काढला, त्याप्रमाणें तुफानाचा पहिला धक्का ग्रिनिच वेळेनें दुपारीं २ वाजून २७ मिनिटांच्या सुमारास बसला. सूर्याच्या मध्यभागाजवळील एका मध्यम आकाराच्या डागसमूहांतून आदल्या दिवशीं जो उद्रेक झाला असावा, तो सुमारें २९ तासांत पृथ्वीपर्यंत पोंचला. तुफानाचें मान कमींत कमी ८३४ नॅनोटेस्ला ठरतें. १८५९ चा सप्टेंबर, १८७२ चा फेब्रुवारी आणि १९२१ चा मे, हीं तीन आजवर मोजलेलीं सर्वांत मोठीं तुफानें होत.

आतां ही वेळ आपल्या घड्याळांत बसवून पाहूं, कारण संग्राहकांस तिचा उपयोग आहे. ग्रिनिचचे २ वाजून २७ मिनिटें म्हणजे मुंबईच्या स्थानिक वेळेनें सायंकाळचे ७ वाजून १८ मिनिटें. तारखात्याचीं घड्याळें मद्रास वेळेनें चालत, त्यांत पावणेआठ झालेले असतील. त्या दिवशीं मुंबईस सूर्य सहाच्या सुमारास मावळला. म्हणजे अस्तानंतर सव्वातीन-साडेतीन घटिकांनीं धक्का बसला. संधिप्रकाश पुरता सरण्याची हीच वेळ. वृत्तांतील 'सूर्यास्तानंतर' हा शब्द म्हणून फार शब्दशः घेऊं नये : मावळतीचा तांबूस रंग आणि नंतर उत्तरेस आलेला तांबूस रंग यांच्यामध्यें पाहणाऱ्यास खंड जाणवला नसेल, हें अगदीं संभवनीय आहे. शिवाय धक्का बसतांक्षणींच इतक्या दक्षिणेस प्रकाश दिसत नाहीं. वलय फुगत फुगत खालीं येण्यास वेळ लागतो. अमावास्या चार-पांच दिवसांवर होती, म्हणून चंद्र उत्तररात्रीपर्यंत उगवला नव्हता. आकाश काळें होतें, आणि ऋतु निरभ्र हिंवाळ्याचा. पाहण्यास याहून सोयीची रात्र मागून मिळाली नसती. उलट १८५९ च्या तुफानाचा कुलाब्यावरील तडाखा याहून मोठा, सुमारें १६०० नॅनोटेस्लांचा. पण तो मुंबईस भर दिवसा बसला, तेव्हां आकाशांत कांहीं असलें तरी सूर्यानें तें झांकलें.

या रात्रीं प्रकाश डोक्यावर आल्याची विश्वसनीय नोंद सिंधमधील जेकबाबाद येथील आहे. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांतच होता, हें विसरूं नये. जेकबाबाद २८ अंशांच्या किंचित् वर आहे. ध्रुवीय प्रकाशाचा तांबडा भाग भूमीपासून २०० किलोमीटरांच्या वर, पुष्कळदा ३००-४०० किलोमीटरांपर्यंत असतो. तेथील विरळ हवेंतील प्राणवायूचे परमाणु सूर्याकडून आलेल्या विद्युत्कणांनीं चेतून ती तांबडी प्रभा देतात. हिरवा रंग खालच्या, शंभर-दीडशें किलोमीटरांच्या थरांतला. तो दूरवरून क्षितिजाखालीं दडतो. जेकबाबादच्या अक्षांशावर ३०० ते ४०० किलोमीटर उंचीवर असलेली प्रभा मुंबईहून कोठें दिसेल, याचें गणित साधें आहे. उत्तर क्षितिजाच्या वर १० ते १५ अंश. हात लांब करून मूठ धरली असतां जेवढी उंची झांकते, तिच्या एक ते दीड पट. म्हणजे मुंबईकरास पडदे, पट्टे, नाचणारे किरण यांपैकीं कांहीं दिसावयाचें नव्हतें. त्यास दिसावयाची ती उत्तरेच्या अंगास खालच्या बाजूस पसरलेली, मंद, कमीअधिक होणारी तांबूस झळ. बातमी लहान कां, याचें उत्तर येथें मिळतें.

आणि येथेंच साष्टी पुढें येते. कुलाब्याहून किंवा कोटांतून उत्तरेस पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या आड सारें शहर येई, आणि त्यांतील मोठ्या रस्त्यांवर १८६५ पासून ग्यासचे दिवे लागत होते. बोरिवली कुलाब्याच्या उत्तरेस २० कलांवर आहे. अंतर लहान, परंतु त्या काळच्या रात्रींत फरक फार मोठा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं त्या वेळीं मुंबईचीं उपनगरें नव्हतींच. ठाणें जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यांतील तीं गांवें होतीं. उपनगर जिल्हा १९२० सालीं निर्माण झाला. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं महापालिकेच्या हद्दींत आलीं. १८७२ मध्यें घाटकोपर-मुलुंडच्या अंगावरून ठाण्याची आगगाडी १९ वर्षें धांवत होती, आणि अंधेरी-बोरिवलीस दुसऱ्या कंपनीची गाडी १८६७ पासून थांबत होती. पण गाडी गेली कीं मागें उरे तो गोडेतेलाचा दिवा. बोरिवलीहून उत्तरेस दहिसर, मग वसईची खाडी आणि पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर. तो डोंगर क्षितिजावर दोन अंशांहून फारसा वर चढत नाहीं. घाटकोपर-मुलुंडच्या वायव्येस कान्हेरी-येऊरचे डोंगर अधिक जवळ आहेत, तरी दहा अंशांची प्रभा झांकण्याइतके उंच नाहींत. तेव्हां या चारहि गांवांतून ती प्रभा दिसण्यास भूमीचा कांहीं प्रतिबंध नव्हता.

दिसली असेल, तर तिला लोकांनीं काय म्हटलें? आमचा तर्क असा कीं बहुतेकांनीं तिला वणवा म्हटलें. खाडीपलीकडे वसईच्या डोंगरांवर आकाश तांबडें दिसणें ही साष्टीच्या आगऱ्याला, कोळ्याला किंवा वारल्याला नित्याची गोष्ट होती. ज्याला आपण अपूर्व म्हणतों तें पाहणाऱ्यास ओळखीचें वाटलें, तर त्याची नोंद होत नाहीं. हा आपल्या साधनांचा एक मोठा दोष आहे. धूमकेतूची नोंद होते, कारण त्यास शेपूट असतें. ग्रहणाची होते, कारण स्नानदान करावें लागतें. याच्या दोन महिने आधीं, १२ डिसेंबर १८७१ रोजीं, दक्षिण हिंदुस्थानांत खग्रास सूर्यग्रहण झालें आणि तें पाहण्यास युरोपांतून ज्योतिषी आले. मंद तांबड्या आकाशाला मात्र ना शेपूट ना पर्वकाळ.

तथापि जाणत्या मनुष्यापाशीं यास शब्द होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दिग्दाह म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे : दिशा जळल्यासारखी दिसणें हा उत्पात. पिंवळा दिग्दाह राजास भय सांगतो, अग्नीच्या रंगाचा देशाच्या नाशाचा सूचक. प्रत्येक दिग्दाह म्हणजे ध्रुवीय प्रकाश, असें आम्ही म्हणत नाहीं. धुळीनें, धुरानें, मावळतीच्या रंगानेंहि तो शब्द वापरला गेला असेल. परंतु ज्या भिक्षुकाच्या किंवा जोशाच्या घरीं पंचांगाच्या समासांत टिपणें लिहिण्याची चाल होती, तेथें शोधावयाचा शब्द 'दिग्दाह', 'उत्पात' किंवा 'उत्तरेस आरक्त' असा असेल. 'ध्रुवीय प्रकाश' हा शब्द तेव्हां त्यांना ठाऊक नव्हता. युरोपांतील 'अरोरा बोरिअॅलिस' या लॅटिन नांवाचा अर्थ उत्तरेची उषा असा आहे, म्हणून कोणी त्यास वैदिक उषेशीं जोडतात. तें बरोबर नव्हे. लोकमान्य टिळकांनीं १९०३ च्या आपल्या आर्यांच्या मूलस्थानावरील ग्रंथांत ध्रुवप्रदेशांतील ज्या दीर्घ उषेचा विचार केला ती सूर्याचीच उषा. हा प्रकाश तिच्याहून निराळा. टिळक हे केरोपंत छत्र्यांचे शिष्य, आणि केरोपंत कुलाब्याच्या चुंबकापाशीं शिकलेले, हा योग मात्र मनांत राहण्यासारखा आहे.

येथें एक इशारा देणें जरूर आहे. या रविवारानंतरच्या गुरुवारीं, ८ फेब्रुवारीस, अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा शेर अली या कैद्यानें खून केला. बृहत्संहिता वाचलेल्या मनुष्यास याहून स्पष्ट फलश्रुति कोणती हवी? म्हणून एखादें टिपण मिळालें आणि त्यांत तांबडें आकाश व लाटसाहेबांचा वध हीं एकाच दमांत आलीं, तर तें त्या रात्रींचें नव्हे, निदान आठवड्यानंतर लिहिलेलें आहे असें समजावें. असल्या टिपणांत आकाशाचा रंग घटनेच्या मागून गडद होतो. बखरींत हें आपण अनेक वेळां पाहिलें आहे. त्याचप्रमाणें १८८३ च्या अखेरीस आलेलीं टिपणें वेगळीं काढावींत : त्या वर्षीं २७ ऑगस्टला क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट होऊन त्याच्या धुरळ्यानें पुढें कित्येक महिने सांज-सकाळ लाल होत होती. तो रंग पश्चिमेस किंवा पूर्वेस. आपला प्रकाश उत्तरेस. दिशा लिहिली नसेल तर टिपणाचें मोल अर्ध्यावर येतें.

आतां या सर्व खटाटोपाचें प्रयोजन. हायाकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८७२ च्या याच तुफानासाठीं चीनमधील स्थानिक वृत्तांत आणि जपानांतील खाजगी रोजनिशा धुंडाळल्या. त्यांतून दर्शनाचीं ठिकाणें, रंग, दिशा निघाल्या, जपानांत तर त्या रात्रीचें एक चित्रहि मिळालें, आणि वलय कोठपर्यंत खालीं आलें याचा निर्णय करण्यास त्यांचा उपयोग झाला. चुंबकीय वीस अंशांच्या आंत तेरा ठिकाणांहून हा प्रकाश दिसल्याचें आज मानितात. १८५९ व १९२१ च्या तुफानांसाठीं असें प्रत्येकीं एकेकच ठिकाण आहे. हिंदुस्थानच्या बाजूनें मात्र या साक्षींत मुख्यतः इंग्रजी कागद बोलतात. मुंबई व जेकबाबाद यांच्यामधील आठ-नऊ अंशांच्या पट्ट्यांतून, म्हणजे ठाणें, सुरत, खानदेश, गुजराथ येथून, एखादें टिपण दिशेसह आणि उंचीसह मिळालें, तर प्रभेच्या उंचीचें गणित पक्कें होईल. हा केवळ कुतूहलाचा विषय नाहीं. १८७२ मध्यें असल्या तुफानानें एक समुद्री तार कांहीं तास बिघडविली. आज वीजवाहिन्या, उपग्रह व विमानें त्याच्या तावडींत आहेत, आणि तुफान किती मोठें होऊं शकतें याचें माप आपणांस जुन्या रात्रींवरूनच घ्यावें लागतें. १० व ११ मे २०२४ च्या दरम्यानच्या रात्रीं लडाखमधील हानले येथील वेधशाळेवरून तांबडी प्रभा टिपली गेली. त्या तुफानाचें मान चारशेंच्या आसपास होतें. १८७२ चें त्याच्या दुप्पट.

कुलाब्याचा चुंबक आज कुलाब्यास नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून अलिबागेस नवी वेधशाळा १९०४ मध्यें उभी करून दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले आणि मग १९०६ सालीं कुलाब्याचे वेध थांबविले; जुन्या मालिकेचा धागा तुटूं नये म्हणून घेतलेली ही खबरदारी अनुकरणीय आहे. ते आलेख सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आतां नवीन पनवेलीस आहे. आंकड्यांची बाजू अशी सुरक्षित आहे. मराठी कागदांची बाजू रद्दीच्या दुकानांत आहे.

प्रथम शोधावयाचें तें ठाण्याचें 'अरुणोदय' पत्र. तें १८६६ पासून निघे, आणि साष्टी त्याच्या घरची. ४ फेब्रुवारीनंतरचे त्याचे दोन-तीन अंक कोणाच्या संग्रहीं असतील तर ते उघडून पाहावेत. तसेच मुंबईचे 'इंदुप्रकाश' व 'नेटिव्ह ओपिनियन', पुण्याचा 'ज्ञानप्रकाश'. त्यानंतर खोती दप्तरांतील कीर्दी, दोन्ही रेल्वेंच्या स्टेशनांवरील तारेचीं बुकें, आणि बोरिवलीजवळील मंडपेश्वरापासून कुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती देवळांतील पाद्र्यांचीं टिपणें. या वह्यांतून तारीख ओळखण्यास पुढील मेळ उपयोगी पडेल : शके १७९३ पौष वद्य, गुजराथी संवत् १९२८, फसली १२८१, हिजरी १२८८ चा जिल्काद, पारशी यज्दगर्दी सन १२४१. आपला वार सूर्योदयापासून चालतो, म्हणून मध्यरात्रीनंतर पाहिलेलेंहि रविवारींच लिहिलेलें असेल, तर इंग्रजी वहींत तें ता. ५, सोमवार, असें सांपडेल. आणि मुसलमानी लिहिण्यांत रविवारची सूर्यास्तानंतरची सारी रात्र सोमवारच्या खात्यांत गेलेली असेल.